डंजन्स अँड ड्रॅगन्सचे फुकटचे नियम: शहापुरात आठ महिने वापरल्यावर

हा खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून रंगवायची गोष्ट: एक जण ती सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. आधी काय वापरलं ते सांगतो, कारण या खेळाच्या आवृत्त्यांचा गोंधळ फार. आम्ही घेतली ती पाचव्या आवृत्तीची एसआरडी ५.१, म्हणजे कंपनीनेच फुकट दिलेले मूळ नियम. जानेवारी २०२३ मध्ये ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झाली, म्हणजे पैसे लागत नाहीत आणि चोरीही होत नाही. चारशेच्या वर पानांची पीडीएफ. क्लासची (म्हणजे पात्रांच्या पेशांची) आणि मंत्रांची पानं तेवढी झेरॉक्सवाल्याकडून काढून स्पायरल करून घेतली. फासे ऑनलाइन मागवले. वीस पैलूंच्या फाशावरचा ६ आणि ९ ओळखायला मोबाईलचा टॉर्च लागतो, बाकी ठीक.

आम्ही पाच जण, शनिवारी रात्री, बेळगावात शहापुरात माझ्या काकूच्या माडीवर. खाली पॉवरलूम. माग थांबल्याशिवाय एकमेकांचं ऐकूच येत नाही, त्यामुळे लाईट गेली की गल्ली शिव्या देते आणि आम्ही मेणबत्ती लावून खेळायला बसतो. चौघं मराठी, एक कन्नड. तो मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलतो, पण फासा टाकताना देवाचं नाव कन्नडातच घेतो. गोष्ट सांगणारा, म्हणजे डीएम, मी.

क्लास बारा आहेत आणि सगळे चालतात. नवख्याला फायटर द्या. विझार्ड, म्हणजे मंत्र टाकणारा, अशाला द्या जो घरी पानं वाचून येईल. आमचा वाचत नाही, त्यामुळे प्रत्येक लढाईत त्याच्या पाळीला चहा होतो.

खरं लिहायचंय ते अलाइनमेंटबद्दल, म्हणजे पात्राच्या स्वभावाबद्दल. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, हा एक रकाना असतो. लॉफुल, न्यूट्रल, केऑटिक ही एक बाजू, नियमाने चालण्याची. गुड, न्यूट्रल, ईव्हिल ही दुसरी, चांगल्या-वाईटाची. मिळून नऊ जोड्या. १९७४ च्या पहिल्या नियमांत फक्त तीनच होते, लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात नऊ झाले. मराठीत सांगताना आमची पहिली रात्र यातच गेली. 'लॉफुल'ला कायदेशीर म्हटलं की आम्हाला जमिनीचा उताराच आठवतो. 'केऑटिक'ला कुणीतरी 'उंडगा' म्हणालं आणि तो शब्द टिकला.

तीन महिन्यांत कळलं की या रकान्याला दात नाहीत. आमच्या चोराने तिथे 'केऑटिक न्यूट्रल' लिहिलं आणि कुणाचीही थैली मारली की, 'माझा स्वभावच तसा की!' त्यावर नियमात उत्तर नाही. पॅलाडिन म्हणजे शपथेने बांधलेला धर्मयोद्धा; त्याच्या डिव्हाइन सेन्स नावाच्या शक्तीला देवदूत, सैतान आणि चालतेफिरते मुडदे कळतात. नुसता नीच मनाचा सावकार शेजारी बसला तर काही कळत नाही. म्हणजे हा रकाना लग्नाच्या बायोडाट्यातल्या 'स्वभाव: मनमिळाऊ'सारखा. लिहितात सगळे, बघत कुणी नाही.

राक्षसांच्या पानांवर तो जास्त खुपतो. ऑर्क: केऑटिक ईव्हिल. आमच्या कन्नड मित्राने पहिल्याच दिवशी विचारलं, 'अख्खी जमात? पोरंबाळं पण?' पलीकडचे सगळे तसलेच, हे वाक्य आम्ही पाचही जण दोन्ही भाषांत ऐकत मोठे झालोय. मी ती ओळ सगळ्या पानांवर पेनाने खोडली. खेळाचं काहीएक अडलं नाही.

याउलट पॅलाडिनची शपथ. तिसऱ्या लेव्हलला ती घ्यावी लागते. एसआरडीत ओथ ऑफ डिव्होशन ही एकच दिलीय: सचोटी, धैर्य, करुणा, सन्मान, कर्तव्य. पहिल्याच कलमात खोटं बोलायचं नाही, फसवायचं नाही. इथे समजवायला दोन मिनिटं लागली. मी म्हटलं, 'हा माळकरी आहे.' गळ्यात माळ घातली की काय खायचं, काय प्यायचं हे ठरलेलं. माणूस मनाने सज्जन आहे का, हा वेगळा विषय.

आणि मग नाक्याची रात्र. गोष्टीतल्या दोन राज्यांच्या सीमेवर मी एक जकात नाका ठेवला होता. चोर मूळचा निपाणीचा, त्यामुळे गाडीत गवताखाली कसली पोती असणार हे सांगायला नको. शिपाई नेमका पॅलाडिनसमोर येऊन उभा राहिला. 'गाडीत काय आहे?'

पॅलाडिन बराच वेळ फासा हातात फिरवत बसला. मग म्हणाला, 'मी गवत उचलून बघितलेलं नाही.'

झालं. हे खोटं की खरं? अर्धा तास वाद. शब्द खरे आहेत, पण फसवलं की नाही? भजी घेऊन आलेली काकू दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, 'खरं सांगायचं नसलं की बघायचंच नाही, एवढं तर आमच्या गल्लीत सगळ्यांना येतंय.' पॅलाडिनने स्वतःच मान खाली घातली.

नियमात यावर सोय आहे. चुकला तर आपल्याच पंथाच्या क्लेरिककडे, म्हणजे पुजाऱ्याकडे, जायचं. प्रायश्चित्त म्हणून रात्रभर जागून प्रार्थना, नाहीतर उपास. (१९७८ च्या पुस्तकात फार कडक होतं: जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की पॅलाडिनपण कायमचं गेलं, परत नाही. वर कमाईचा दहावा हिस्सा दान आणि जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त नाहीत.) आमचा क्लेरिक म्हणजे तो कन्नड मित्र. त्याने शांतपणे भजीची ताटली स्वतःकडे ओढली आणि पॅलाडिनला म्हणाला, 'उपास.' बिचाऱ्याने त्या रात्री खरंच एक भजी खाल्ली नाही.

तक्रार एक आहेच. ड्रुइड, म्हणजे निसर्गाला मानणारा मांत्रिक, धातूचं चिलखत घालत नाही असं लिहिलंय, पण घातलं तर काय होतं ते लिहिलेलं नाही. शपथ घेणाऱ्याला प्रायश्चित्त आणि याला नुसतं 'घालत नाही'. आमच्यात ड्रुइड कुणी नाही म्हणून निभावलं.

नव्याने खेळणाऱ्यांनी फुकटची पीडीएफच घ्यावी, आणि एकाला तरी पॅलाडिन करावं. अलाइनमेंटचा रकाना आमच्या शीटवर अजून आहे. पुढच्या शनिवारी भजीचे पैसे कुणाचे, ते आम्ही त्यात लिहितो.