तुलूमजवळ एकच दिवस: तिन्ही गोष्टी, की फक्त सेनोटे?

मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर समुद्रातलं स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघणं), झिपलाइन (तारेला लटकून घसरणं) आणि सेनोटे म्हणजे नैसर्गिक कुंडांतलं पोहणं एका दिवसात उरकणाऱ्या सहली मिळतात. शाळकरी मुलं सोबत असतील तर हेच बरं. कंटाळायला वेळच उरत नाही. पण सेनोटेच्या वाट्याला जेमतेम घटकाभर येते, आणि खरी मजा तर तिथेच. चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली ही भूजलाची कुंडं. पाणी नितळ, बारमाही २५ अंशांच्या आसपास. दोस ओहोस या सेनोटेमध्ये लोंबणारे लवणस्तंभ बघत निवांत तरंगायचं. मासे, कासवं समुद्रातच जास्त, हे मान्य. पण वारा सुटला की तिथलं पाणी गढूळ. झिपलाइन काय, कुठेही करता येते! एक मात्र लक्षात ठेवा, सेनोटेत सनस्क्रीन लावून जाऊ नका. बऱ्याच सेनोटेंवर पाण्यात उतरण्याआधी ते धुऊन टाकायला अंघोळ करायला लावतात.