पोटाच्या भिंतीच्या जखमा आणि कोड सुचवणारे सॉफ्टवेअर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यातील आमच्या कार्यालयात अमेरिकेतील रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया आणि आपत्कालीन विभागांचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, कोडिंगसाठी येतात. डॉक्टरांच्या नोंदी वाचून आयसीडी-१०-सीएमचे (आजार आणि इजांच्या अमेरिकी वर्गीकरणाचे) कोड सुचवणारे एक सॉफ्टवेअर काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आले आणि तेव्हापासून मी ते रोज वापरते. त्याचे नाव येथे देत नाही. सगळ्या प्रकारच्या चार्टबद्दल थोडेथोडे लिहिण्यापेक्षा मी पोटाच्या भिंतीच्या जखमांपुरतेच लिहिणार आहे, कारण या सॉफ्टवेअरची ताकद आणि मर्यादा तेथे सर्वांत स्पष्ट दिसतात.

ताज्या, साध्या जखमेत त्याचे काम चोख आहे. पोटाच्या उघड्या जखमा ज्यात येतात त्या एस३१ या गटातील कोड जखमेचा प्रकार, तिची पोटावरील जागा आणि उपचाराचा टप्पा अशा माहितीवर उभा राहतो, आणि ही माहिती नोंदीत शब्दांत लिहिलेली असेल तर सॉफ्टवेअर ती अचूक उचलते. डाव्या बाजूला वरच्या भागात चिरलेली जखम, बाह्य वस्तू नाही, पेरिटोनियमपर्यंत (पोटाच्या पोकळीच्या आतल्या अस्तरापर्यंत) पोहोचलेली नाही, असे लिहिले असेल तर एस३१.१११ए हा कोड क्षणात समोर येतो. जखम चार सेंटिमीटरची असून थरांत शिवली असेल तर सीपीटीचा, म्हणजे उपचार-प्रक्रियांच्या यादीतला, १२०३२ हा कोडही सोबत येतो. सर्वांत उपयोगी सोय म्हणजे सुचवलेल्या कोडवर क्लिक केले की तो ज्या वाक्यावरून काढला ते वाक्य रंगवून दाखवले जाते. मोठ्या चार्टमध्ये परिचारिका, निवासी डॉक्टर आणि सर्जन यांच्या नोंदी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि नेमके कोणी काय लिहिले हे शोधण्यात जाणारा वेळ या एका सोयीमुळे खरोखर वाचतो. जखमेच्या कारणाचे कोडही बहुधा बरोबर येतात; हेतूची नोंदच नसेल तर ती घटना अपघात धरायची, हा नियम त्याला ठाऊक आहे.

अडचण सुरू होते ती जखमेच्या खोलीपासून. एस३१.१ आणि एस३१.६ यांतील फरक एकाच प्रश्नावर ठरतो: जखम पेरिटोनियमच्या पोकळीत गेली की नाही. चाकूहल्ल्याच्या एका चार्टमध्ये सर्जनने जखम उघडून तपासली होती आणि पुढचा फॅशिया (स्नायूंवरचे मजबूत आवरण) छेदला गेला असला तरी पेरिटोनियम शाबूत असल्याचे स्वच्छ लिहिले होते. सॉफ्टवेअरने मात्र फॅशिया छेदला गेल्याचे वाक्य रंगवून डाव्या खालच्या भागातील भेदक जखमेचा एस३१.६३४ए सुचवला, तर योग्य कोड एस३१.१३४ए होता. त्या सूचनेवर सॉफ्टवेअरने मारलेला 'विश्वासार्हता उच्च' हा शिक्का तर मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण नवा कोडर तो शिक्का पाहून पुढचे वाक्य वाचतच नाही.

याहून गंभीर उणीव जखमेच्या उगमाबाबत आहे. 'पोटावर उघडी जखम' हे शब्द इजा झालेल्या रुग्णाच्या चार्टमध्ये येतात, शस्त्रक्रियेनंतर टाके उसवलेल्या रुग्णाच्या चार्टमध्येही येतात, आणि संसर्गाच्या भीतीने सर्जनने त्वचा मुद्दामच न शिवता आतून भरून येण्यासाठी सोडली असेल तर तेथेही येतात. पहिल्या रुग्णाला एस३१ गटातील कोड लागतो. दुसऱ्यात वरची जखम उकलली असल्यास शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतींच्या गटातला टी८१.३१ लागतो. तिसऱ्यात गुंतागुंत मुळात झालेलीच नसते, त्यामुळे ड्रेसिंगसाठीची भेट शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीच्या झेड४८ गटात जाते. सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी पुन्हा पुन्हा एस३१.१०९ए, म्हणजे जागा आणि प्रकार दोन्ही अनिर्दिष्ट असलेली इजा, सुचवते. सिझेरियनची जखम उकलली असेल तर कोड ओ९०.० आहे, आणि टी८१.३ खालच्या वगळण्याच्या टिपेत तो नावानिशी दिलेला आहे. तरीही प्रसूतीचा उल्लेख जुन्या नोंदीत असेल आणि आजच्या नोंदीत नसेल तर सॉफ्टवेअर टी८१.३१वरच अडून बसते. जुनी नोंद त्याच चार्टमध्ये उपलब्ध असताना हे व्हावे, याला सबब नाही.

कोडच्या शेवटी उपचाराचा टप्पा सांगणाऱ्या सातव्या अक्षराचेही तसेच: 'ए' म्हणजे सक्रिय उपचार चालू, 'डी' म्हणजे त्यानंतरची देखभाल. जखम शिवून घेतलेला रुग्ण टाके काढायला आला की 'डी' बरोबर आहे. पण उसवलेल्या जखमेवर वूंड क्लिनिकमध्ये अजून उपचार चालू असतील तर टी८१.३१एक्सए हाच कोड राहतो, कारण गुंतागुंतीच्या कोडमध्ये सक्रिय उपचार त्या गुंतागुंतीवरचे मोजायचे असतात, मूळ शस्त्रक्रिया कधी झाली याला महत्त्व नसते. नोंदीत 'फॉलो-अप' हा शब्द दिसला की सॉफ्टवेअर डोळे झाकून 'डी' लावते. विक्रेत्याकडे तक्रार केल्यावर 'पुढच्या आवृत्तीत पाहू' असे उत्तर मिळाले. आवृत्ती आली, 'डी' तसाच आहे.

डॉक्टरांना विचारायच्या क्वेरीचे तयार नमुनेही त्यात मिळतात. शस्त्रक्रियेनंतर दिसलेली प्रत्येक गोष्ट गुंतागुंत ठरत नाही. तसा कार्यकारण संबंध डॉक्टरांनी लिहावा लागतो आणि नोंद संदिग्ध असेल तर विचारावे लागते. त्यामुळे या नमुन्यांकडून माझ्या अपेक्षा जास्त होत्या. प्रत्यक्षात टाके उसवण्याबाबतच्या नमुन्यात एकच पर्याय होता, तोही गुंतागुंतीचा. असा प्रश्न उत्तर सुचवतो आणि ऑडिटमध्ये टिकत नाही. आम्ही तो बाजूला ठेवून स्वतःचा नमुना केला: उकललेली जखम, मुद्दाम उघडी ठेवलेली जखम, अन्य कारण, सांगता येत नाही, असे पर्याय आणि खाली मोकळी जागा. त्यानंतर सर्जनची उत्तरे नेमकी येऊ लागली आणि काहींनी तर पुढच्या नोंदींत हे न विचारताच लिहायला सुरुवात केली.

भारतीय विमा दाव्यांचे काम करणाऱ्यांनी यावर पैसे घालू नयेत. तेथे जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० चालते, तिच्यात पोटाच्या भिंतीच्या उघड्या जखमेला एस३१.१ पुरतो आणि तो हाताने शोधायला वेळ लागत नाही. अमेरिकी चार्ट करणाऱ्या गटाने घ्यायला हरकत नाही, पण कोड आपोआप स्वीकारण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी आणि एस३१ व टी८१ हे दोन्ही गट दुसऱ्या कोडरच्या नजरेखालून जातील अशी मांडणी करावी. सॉफ्टवेअरमध्ये तशी मांडणी करता येते, फक्त ती प्रशासकाच्या पडद्यावर तिसऱ्या टॅबमध्ये दडलेली आहे.