लेटरबॉक्सिंग की जिओकॅशिंग? इतिहासाचा ट्रेझर हंट करायचाय तर

दोन्हीत लपवलेला डबाच शोधायचा असतो, पण तिथवर पोचायची रीत एकदम वेगळी. लेटरबॉक्सिंग खूप जुनं, १८५४ साली इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूलपाशी एक बाटली ठेवली, येणारे लोक त्यात आपलं कार्ड टाकून जायचे, तिथून हे सुरू झालं. जिओकॅशिंग मे २००० मधलं, अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली, त्यामुळे सगळ्यांनाच जागा बरीच अचूक कळायला लागली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला.

जिओकॅशिंग सोप्पं आहे, फोन दिशा दाखवतो, वेळ कमी असेल तर तेच करा.

पण जागेचा इतिहास खरंच कळावा असं वाटत असेल तर मी लेटरबॉक्सिंगच म्हणेन, कारण तिथे क्लू वाचावा लागतो. म्हणजे समजा क्लू असा आहे की जुन्या पुलावर कोरलेलं साल बघा, त्यातला शेवटचा आकडा घ्या, तेवढी पावलं नदीकडे चाला, मग तो दगड तुम्ही हात लावून, शेवाळ बाजूला करून वाचताच ना! आणि डब्यात हाताने कोरलेला शिक्का असतो, बऱ्याचदा साध्या खोडरबरातून कोरलेला, तो आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत. शाई जरा फरफटते, कडा पुसट येते, तरी ते पान बघितलं की तो पूल आठवतोच.

जिओकॅशिंगमध्येही टप्प्याटप्प्याचे मल्टी-कॅश असतात, त्यात पाटीवरची सालं वापरतात, तेही छानच. पण शिक्क्याची मजा त्यात नाही.