तलंग अचानक झोकांडतेय: घरीच बघायचं, दवाखाना गाठायचा, की सुरी?

काल कणी टिपणारी तलंग आज झोकांड्या खाते, एका कुशीवर पडते नाहीतर मान पाठीवर टाकून आभाळाकडे बघत बसते. ठरवाठरवी नंतर, आधी तिला बाकीच्या कोंबड्यांपासून लांब, पडवीच्या कोपऱ्यात वेगळ्या डालग्याखाली ठेवा.

घरच्या उपचाराला यश येतं ते जीवनसत्त्वं कमी पडली असतील तेव्हा. मान मागे टाकून आभाळ बघणं ही बी-१ कमी पडल्याची ठळक खूण. १८९० च्या दशकात जावामध्ये क्रिस्टियान आइकमान यांनी पाहिलं, की कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सावरतात. त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं. आपल्या परसात काय चालतं? गिरणीची पांढरी कणी, आणि वर मासळी साफ केल्यावर उरलेली कच्ची आतडी. काही माशांत बी-१ मोडणारा घटक असतो. उकळल्यावर तो निकामी होतो. कुठल्या माशात तो असतो याचा घोळ घालण्यापेक्षा सगळंच उकळून घाला. रक्ती हगवणीवरचं अँप्रोलियम जास्त मात्रेत गेलं, तरी बी-१ अडतं. लहान पिल्लाची बोटं आत मुडपली असतील तर बी-२ चा संशय घ्या, आणि पावसात खवट झालेल्या खाद्यावरची पिल्लं कोलमडत असतील तर ई जीवनसत्त्वाचा.

औषध घेताना बाटलीवरची यादी वाचा. कोंबड्यांसाठी सर्रास मिळणाऱ्या विमेरलमध्ये ए, डी-३, ई आणि बी-१२ असतं, बी-१ नसतं. त्यासाठी बी-कॉम्प्लेक्स हवं, मात्रा फोनवर विचारून घ्या. चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडा. आ करून ओतलं तर श्वासनळीत जातं. तोल नसलेली कोंबडी भांड्यापर्यंत पोचत नाही आणि कित्येक तर उपाशीच मरतात. दोन्ही बाजूंनी कापडाची गुंडाळी लावून तिला बसती करा, ओलसर खाद्य हातावर भरवा, खालचं गोणपाट रोज कोरडं बदला. बी-१ चंच दुखणं असेल तर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत फरक दिसतो.

दवाखान्याचं पारडं जड होतं ते पायाकडे बघून नव्हे, बाकीच्या कळपाकडे बघून. दुसरी कोंबडी मलूल झाली, हिरवी हगवण, घशात घरघर, मान पिळवटलेली, म्हणजे मानमोडीचा (राणीखेत) दाट संशय. अशा वेळी घरी वाट पाहण्यात अर्थ नाही. एकदम पटापट मरू लागल्या तर बर्ड फ्लूचीही शंका असते. मेलेल्यांना हात न लावता कळवा. आजारी कोंबडी पिशवीत घालून एसटीने नेण्याआधी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा, नाहीतर वाटेतल्या चार वाड्यांना रोग वाटत जाल. सरकारी दवाखान्यात फी किरकोळ. खरा खर्च गाडीचा आणि मोडलेल्या दिवसाचा. मानमोडीवर औषध नाही हे खरं, पण निदान झालं तर उरलेल्यांचं काय करायचं ते कळतं. हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका. हा विषाणू माणसाचे डोळे लाल करतो. वाचलेल्या एखादीची मान वाकडीच राहते, तरी ती खाते, अंडीही घालते.

आता सुरी. एक पाय पुढे, एक मागे फाकलेला, भूक मात्र शाबूत, वय दीड-दोन महिन्यांच्या पुढचं: हे बहुधा मरेक्स, कोंबड्यांचा विषाणूचा आजार. त्याच्यावर उपचार नाही, लस पहिल्याच दिवशी हॅचरीत द्यावी लागते. वाचलेली कोंबडी पिसांच्या कोंड्यातून जन्मभर विषाणू पसरवते. टेम्पोवाल्याकडून रंगीत पिल्लं घेताना ही लस दिलीय का, हे विचारायला हवं, पण कोण विचारतो?

माझं मत विचाराल तर एकटीच तलंग आजारी असेल आणि खात असेल, तर दवाखान्यात फोन करून बी-कॉम्प्लेक्स चालू करा आणि दोन-तीन दिवस द्या. काहीच फरक नसेल तर दवाखाना. खाणं-पिणं सुटलं, उठता येत नाही, तर तिला ताटकळत ठेवू नका. पण ती रश्श्यात जाऊ नये. परसात कापली की रक्त-पिसं तिथेच पसरतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, पऱ्यात फेकू नका. उरलेल्यांच्या मानमोडीच्या लसीचं त्याच फेरीत विचारून घ्या. कुपी एकदा फोडली की लगेच संपवावी लागते आणि ती निदान शंभर कोंबड्यांची असते, म्हणून वाडीतल्या चार घरांना आधीच सांगून ठेवा.