‘ओ बांदिदो दा लूझ व्हर्मेल्या’ची डीव्हीडी, सहा महिन्यांनंतर: चित्र झकास, सबटायटल डोक्याला ताप

रोजेरिओ स्गांझेर्लाचा १९६८चा सिनेमा, लाल टॉर्चवाला दरोडेखोर, ब्राझीलमधल्या साओ पावलोची ‘बोका दो लिशो’ वस्ती, ९२ मिनिटं, कृष्णधवल. हे माहीत असेलच. चित्राला नाव ठेवायला जागा नाही. पैसे वाया घालवले ते इंग्रजी सबटायटलनी.

सगळी गोष्ट दोन रेडिओ निवेदक रेटतात, एक पुरुष, एक बाई. भडक गुन्हेवार्ता, एकाचं वाक्य संपतं न संपतं तोच दुसरी सुरू. १९६४पासून डोक्यावर लष्कर बसलेलं, त्यामुळे सरकारची आणि पुढाऱ्यांची टिंगल या बातम्यांच्या थाटातच दडवली आहे. आणि सबटायटलवाल्यानं दोन्ही आवाज एकाच ओळीत कोंबलेत! कोण बोलतंय पत्ता नाही. दिव्यांच्या पाटीवर सरकणाऱ्या मजकुराचं तर भाषांतरच नाही. विकणाऱ्याला कळवलं, तर उत्तर: डिस्क चालते ना?

ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून आणखी एक स्टार कापणार होतो, तो परत देतो. तिथे तेव्हा आवाज नंतर स्टुडिओत भरत; दोष डिस्कचा नाही. म्हणून डिस्कवरची सोडून बाहेरची, वेगळ्या फाइलमधली सबटायटल लावताना ओठांकडे बघूच नका. निवेदकाचा पहिला शब्द पकडा आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी किंवा एच दाबा, एका दाबाला ५० मिलिसेकंद सरकतं. सुरुवातीला जुळून पुढे पुढे सबटायटल लवकर यायला लागली, तर ती युरोपातल्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीवरून बनलेली आहेत. शेवटापर्यंत साडेतीन मिनिटांहून जास्त फरक पडतो, तिथे जी-एचचा उपयोग शून्य. ‘सबटायटल एडिट’ या सबटायटल दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट २५चा २३.९७६ करा. बाईच्या ओळी तिथेच इटॅलिक करून टाका, निम्मा त्रास जातो. पोर्तुगीज फाइलमध्ये टोपीवाल्या अक्षरांचा कचरा दिसला तर आधी योग्य एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) निवडून फाइल उघडा, मग यूटीएफ-८मध्ये सेव्ह करा.

आणि हो, डीव्हीडीला प्रदेशानुसार रीजनचं कुलूप असतं: ब्राझीलची डीव्हीडी रीजन ४ची, आपल्याकडचे प्लेअर ५चे. टीव्हीखालच्या डब्यानं डिस्क बाहेर फेकली तर दचकू नका, कॉम्प्युटरवर व्हीएलसीत लावून बघा.

पाटीचा मजकूर मात्र हातानंच टाकावा लागतो. अक्षरं झरझर पळतात, दर दोन शब्दांना पॉज.

सिनेमाला पाच, सबटायटलला एक.