चुंबकी मराठी अक्षरसंच: नग १०८, काने चार

या संचात काने चार आहेत. फळा घडीचा आहे, अक्षरं रंगीत आहेत, एका बाजूला खडू चालतो आणि दुसऱ्या बाजूला मार्कर, हे सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं. काने चार आहेत हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नात यंदा नगरपालिकेच्या शाळेत पहिलीला गेली. मुलाने मे महिन्यात हा संच मागवला, १,४९९ रुपये. पैसे त्याचे, वापर तिचा आणि दुपारभर तिच्यासोबत बसणारा मी. माझी सगळी नोकरी वीज मंडळाच्या स्टोअरमध्ये गेली, त्यामुळे खोका फोडल्याबरोबर मी माल मोजून घेतला. व्यंजनं ळ धरून चौतीस, प्रत्येकी दोन. क्ष आणि ज्ञ दोन-दोन. स्वर बारा, एकेक. दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, चारही मात्रा (े, ै, ो, ौ) आणि अनुस्वार प्रत्येकी दोन. रफार दोन. काने चार. एकूण १०८, जपमाळेचा आकडा. अंकांची पिशवी वेगळी.

म्हणजे ङ दोन आहेत, ञ दोन आहेत आणि काने चार. पहिलीतलं पोर ङ घेऊन काय वाङ्मय लिहायला बसणार आहे? स्टोअरमध्ये आम्ही मालाचे अ, ब, क असे वर्ग पाडायचो. रोज लागणारा फ्यूजचा माल भरपूर ठेवायचा, वर्षातून एकदा लागणारा मोजका. मुलाने सांगितलं की इंग्रजी स्क्रॅबलमध्ये १०० सोंगट्यांपैकी ई च्या बारा असतात आणि क्यू ची एकच. खेळ बनवणाऱ्याला भाषेचा खप माहीत होता. इथे कोणीतरी सगळ्यांना दोन-दोन वाटले आणि कान्यावर उपकार म्हणून आणखी दोन दिले. शेजारचे अण्णा छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. त्यांना संच दाखवला तर म्हणाले, "एवढ्या कान्यांत माझी लग्नपत्रिकासुद्धा झाली नसती."

याचा घरात काय परिणाम झाला ते सांगतो. पावसाळ्यात नातीने पहिलं वाक्य लावायला घेतलं: "बाबा मला खाऊ आणा". मोजून बघा, काने पाच. चार संपले आणि शेवटच्या णा ला काना उरला नाही. तिने एक क्षण इकडेतिकडे बघितलं आणि फळा तसाच स्वयंपाकघराच्या दारात उभा केला: "बाबा मला खाऊ आण". संध्याकाळी मुलगा आला, वाचून हसला. आमच्या हिला मात्र ते अजिबात आवडलं नाही. "बापाला अरेतुरे कोणी शिकवलं हिला?" मी म्हटलं, कंपनीने.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी बोलायला गोड होती. "सर, तुमच्या सेटमध्ये किती पीस आहेत?" एकशे आठ. "मग सर, सेट पूर्ण आहे." मी म्हटलं, "ताई, पूर्ण आहे हे मलाही मान्य आहे. पण मला जादा काने हवेत, पैसे देतो." काना म्हणजे काय ते तिला समजावण्यात थोडा वेळ गेला, कारण ती हिंदीत विचार करत होती. शेवटी 'आ की मात्रा' म्हटल्यावर समजलं. सुटे नग मिळत नाहीत, तक्रार नोंदवली आहे, फोटो पाठवा. फोटो पाठवला. आठवड्याभराने पार्सल आलं. आत इंग्रजी मोठ्या लिपीतली अक्षरं, ए ते झेड, सोबत 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' अशी चिठ्ठी. नंतर दोनदा मेल केली. उत्तर येतं, पण यंत्राने लिहिल्यासारखं, तेच ते.

इथपर्यंत माझं मत असं होतं की हा संच घेऊ नका. आता ते थोडं बदललं आहे.

झालं असं की काने संपतात म्हटल्यावर नातीने आणि तिच्या आजीने आपोआप एक खेळ काढला: बिनकान्याचे शब्द. घर, नळ, बदक, मगर, फणस, गवत, कमळ, शहर. जिला सुचत नाही तिच्यावर राज्य. पूर्वी शाळेत आम्हाला ग म भ न पासून सुरुवात करून असेच काना-मात्रा नसलेले शब्द आधी देत. आता पद्धत तशी राहिलेली नाही. बाईंनी पालकसभेत सांगितलं की सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबत नाहीत, थोडी अक्षरं झाली की त्यांच्यासोबतच काना, वेलांटी येते, म्हणजे पोराला लगेच काहीतरी अर्थाचं वाचता येतं. पद्धत चांगली आहे. फक्त त्या पद्धतीला काने लागतात.

मग मी स्टेशनरीच्या दुकानातून मऊ चुंबकी शीट आणली, मागे चिकट थर असलेली. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड लाल कागद त्यावर चिकटवला आणि कात्रीने बारा काने कापले. खर्च दीडशेच्या आत. काने हातात पडल्यावर पोरीने जे केलं ते मी पुस्तिकेत कुठेही वाचलेलं नव्हतं. तिने 'कमळ' लावलं, क ला काना लावला आणि मोठ्याने वाचलं, "कामळ". काना काढून म ला लावला: "कमाळ". मग सगळ्यांना: "कामाळा". हसून हसून लोळली. मग 'मगर' चं 'मागर', 'मगार', 'मागारा'. 'नळ' चा 'नाळ' झाला तेव्हा आजीने दचकून वर बघितलं. हे पुढे कित्येक दिवस चाललं आणि त्यातून तिला काना म्हणजे काय ते कळलं: अक्षर तेच, तोंड उघडं. भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्यात 'का' हे एक अख्खं चित्र असतं. तिथून काना उचलून दुसरीकडे लावता येत नाही. या संचात येतो. म्हणजे दीड हजारातला खरा माल हा सुटा काना आहे, आणि नेमका तोच कंपनीने हात आखडून दिला आहे.

वेलांटीचंही असंच. 'कि' लावायला सांगितलं की पोर आधी क ठेवतं आणि वेलांटी त्याच्या उजवीकडे नेतं, कारण कानाला क आधी ऐकू येतो. पहिली वेलांटी डावीकडे बसते हे हाताने दोन-चारदा लावल्यावर जातं डोक्यात. रागावू नका. मोबाईलवर टाइप करताना आपणही क आधीच मारतो. पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. त्या जागी "आपल्या पाल्यास सकारात्मक ऊर्जेने प्रोत्साहित करा" असलं भाषांतर आहे. पुस्तिका रद्दीत द्या, खपली तर.

आता ट ची गोष्ट, आणि ही गंमत नाही. दिवाळीच्या सुमारास फ्रिजवर लावलेला ट खाली पडला आणि त्याच्या पाठीतली चुंबकाची गोळी सुटून घरंगळत गेली. धाकटा नातू तेव्हा रांगत होता. गोळी सापडेपर्यंत सूनबाईंनी घर उलटंपालटं केलं. सोफ्याखाली मिळाली. लहान मुलाने असे दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना ओढतात, मधलं आतडं चिमटलं जातं, भोक पडू शकतं आणि ऑपरेशनची वेळ येते. एकच गोळी सापडत नसली तरी थांबून बघायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. त्या रात्री मी सगळ्या नगांच्या पाठी नखाने तपासल्या. गोळ्या नुसत्या दाबून बसवलेल्या आहेत, वर झाकण नाही. सात सैल निघाल्या. त्या काढून मी कुलपात टाकल्या आणि ती अक्षरं चुंबकाशिवाय जमिनीवर मांडायला ठेवली. भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. आमच्या खोक्यावर मला ती दिसली नाही. तुम्ही घेण्याआधी बघा, आणि घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर सुट्या गोळ्यांची अक्षरं आणूच नका. मऊ शीटची आणा किंवा स्वतः कापा.

ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतात, २०२२ मध्ये शासनाचा निर्णयही तसाच आला. नातीने संचातला ल हातात घेऊन विचारलं, "आबा, हे कुठलं अक्षर?" चारही नग बाजूला काढले आणि नवे कापले, कात्री हातात होतीच.

अंकांच्या पिशवीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रंगीत प्लॅस्टिकच्या काड्या दहा-दहाचे गठ्ठे बांधायला दिल्या आहेत, पण रबर एका आठवड्यात तुटले. आमच्याकडे चिंचोके आहेत. दहा चिंचोक्यांची एक पुरचुंडी, बाकीचे सुटे. तेवीस म्हणजे दोन पुरचुंड्या आणि तीन सुटे. एकोणतीसला मात्र सगळी पोरं अडखळतात, कारण शब्दात तीस ऐकू येतं आणि समोर पुरचुंड्या दोनच असतात. तिथे एक चिंचोका देऊन तिसरी पुरचुंडी बांधून दाखवायची, मग एक परत काढून घ्यायचा. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीससाठी 'वीस दोन' अशी वाचनाची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. चिंचोके घेऊन पोरीसमोर बसलं की ती सोय कशासाठी होती ते समजतं. मी तरी एकोणतीसच म्हणायला लावतो.

आणि एक गोष्ट फुकटची. पहिलीत दाखल करताना शाळेत शासनाच्या 'पहिले पाऊल' उपक्रमाचा शाळापूर्व तयारी मेळावा होता. तिथे सूनबाईंना घरी करायच्या कृतींचं एक कार्ड मिळालं. भाज्यांचे गट करा, वस्तू लहान-मोठ्या क्रमाने लावा, गोष्ट ऐकून पुढे काय झालं ते सांगायला लावा, असलं साधं. दीड हजाराच्या पुस्तिकेपेक्षा त्या कार्डावर घरात जास्त काम झालं. मटार सोलताना शेंगेत किती दाणे निघतील याची पैज लावली की मोजणीही होते आणि मटारही सोलून होतात. सूनबाईंचा हा शोध आहे, कार्डावर नाही.

मग संच घ्यावा की नाही? फळा चांगला आहे, अजून बिजागरी हलली नाही. मार्कर टिकले. अक्षरांचे कोपरे गोल आहेत, रंग उडालेला नाही. घरात रांगतं मूल नसेल, खोक्यावर आयएसआय खूण असेल आणि कात्री चालवायला कोणी रिकामा आजोबा असेल तर घ्या, पण सवलत लागल्यावर. ८०० च्या वर देऊ नका. नाहीतर फ्रिजचं दार मोकळं करा, दोन चुंबकी शीटा आणा आणि घरीच कापा. प्रमाण सांगतो, हे तीन महिन्यांच्या खपावरून काढलेलं आहे: काने बारा, दुसरी वेलांटी सहा, पहिली चार, मात्रा सहा, उकार दोन्ही मिळून सहा, अनुस्वार सहा (हरवतात म्हणून). क, म, ल, त, र, च, आणि ण चार-चार. ळ तीन. ङ आणि ञ कापू नका.

फ्रिजचं दार स्टीलचं असेल तर आधी एक चुंबक लावून बघा, काही स्टीलला चुंबक धरत नाही. आमच्या ओळखीच्यांनी सगळं कापून झाल्यावर हे पाहिलं.

पाचपैकी तीन तारे. चौथा कंपनीने काने पाठवले की देईन. इंग्रजीची सव्वीस अक्षरं तशीच बंद ठेवली आहेत, परत न्यायला कोणीतरी येणार होतं.