स्मार्ट वजनकाटा: काटा झकास, ॲप मात्र डोक्याला ताप

कॅलरी मोजायला लागले आणि साधा काटा पुरेना म्हणून ब्लूटूथवाला स्मार्ट काटा घेतला. आता बरेच महिने रोज वापरतेय, तर ज्यांचा घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दामच टाकत नाहीये.

आधी काट्याबद्दल. वर काच, खाली चार पाय, वजन पटकन दाखवतो आणि दाखवतो ते बरोबर असतं. तपासायचं असेल तर नुसतं उभं राहून वजन करा, मग एक लिटर पाणी भरलेली बाटली हातात घेऊन परत करा, किलोभर फरक आला पाहिजे, माझ्याकडे आला. पण एवढ्यावर थांबू नका, अर्धा पेला पाणी घेऊन पण बघा! कारण बरेच डिजिटल काटे आधीचा आकडा लक्षात ठेवतात आणि फरक थोडाच असला की जुनाच आकडा पुन्हा दाखवतात, आपल्याला वाटतं वा काय अचूक आहे, दोनदा केलं दोनदा तेच आलं. माझा पण तसलाच निघाला, पाण्याचा पेला त्याच्या खिजगणतीतच नाही. मधे एखादी जड पिशवी ठेवून उचलली की मग ताळ्यावर येतो. बाकी कडक सपाट फरशीवर ठेवा, गालिच्यावर ठेवलात तर काहीही आकडे येतात.

आता ॲप. खरी कटकट इथे आहे.

सकाळी उठून काट्यावर उभी राहिले, आदल्या दिवशी ७१.८ होतं, आज ७३.०. लगेच मोबाईलवर लाल बाण, "वजन १.२ किलो वाढले, तुम्ही ध्येयापासून दूर जात आहात". आणि त्याच स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात हिरवी टिक, की काल तुम्ही कॅलरीच्या मर्यादेत होतात, शाब्बास! अरे मग दोन्हीतलं खरं काय? एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणजे १.२ किलो चरबी एका दिवसात चढवायची तर रोजच्या गरजेच्या वर अजून ९००० च्या पुढे कॅलरी खायला लागतील, आणि मी तर काल मर्यादेत होते असं हेच ॲप सांगतंय. हा हिशोब शाळेतलं पोर पण करेल, ॲपला का जमू नये?

ते वाढलेलं बहुतेक पाणीच असतं. खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. कर्बोदकं जरा जास्त झाली की ती ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठतात आणि प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी येतं (डाएटच्या पहिल्या आठवड्यात धपकन वजन उतरतं आणि आपण हवेत जातो, ते पण मोठ्या प्रमाणात हेच पाणी बरं का). नवीन व्यायाम सुरू केला, अंग दुखतंय, तर स्नायूंना थोडी सूज असते, तिचंही पाणी. पोट साफ झालं नाही तर ते वजन वेगळंच. आणि पाळीच्या आधीचे दिवस तर विचारूच नका. गंमत म्हणजे या ॲपमध्ये पाळीच्या तारखा टाकायची सोय आहे, मी इमानदारीत टाकते, पण त्या माहितीचा वजनाच्या ग्राफशी काडीचा संबंध ठेवलेला नाही.

रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर दिवसाला जेमतेम ६५ ग्रॅम चरबी जाणार, आणि पाण्यामुळे आकडा किलो-दीड किलो सहज वरखाली होणार. त्या गोंधळात ६५ ग्रॅम एका दिवसात दिसणार तरी कसे.

पण लाल बाणावर भागत नाही ना. वजन वाढलेलं दिसलं की ॲप आपोआप दुसऱ्या दिवशीच्या कॅलरी कमी करून टाकतं, म्हणजे वाढलं पाणी आणि कापलं जेवण!! मग दोन दिवसांनी पाणी उतरलं की सोनेरी चांदणी आणि अभिनंदन. कस्टमर केअरला लिहिलं की बाबांनो हे बंद करायची सोय द्या, तर उत्तर आलं "कृपया रोज एकाच वेळी वजन करा". ते मी करतेच, सकाळी, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी.

फॅट टक्केवारीवर फार बोलत नाही. काटा पायांतून बारीकसा करंट सोडतो, तो एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, वरच्या अंगाचं सगळं उंची, वय वगैरेंवरून अंदाजपंचे. अंगात पाणी कमीजास्त असलं की आकडा बदलतो. पेसमेकर असेल तर हे फीचर अजिबात वापरू नका.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, ती यांनी सेटिंगच्या आत ग्राफच्या आत कुठेतरी दडवून ठेवलीये: "७ दिवसांची सरासरी". ती चालू केली, नोटिफिकेशन आणि ते आपोआप कॅलरी कापणारं ऑटो टार्गेट (बंद करायची सोय शेवटी माझी मलाच सापडली) बंद केलं, आणि डोकं शांत झालं. रोजचे आकडे उड्या मारतात पण सरासरीची रेघ हळूहळू उतरताना दिसते. बायकांनी तर या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी, फार फरक पडतो. सरासरी तीन-चार आठवडे जागची हललीच नाही, तर मग कॅलरीच्या नोंदी तपासा, तेलाचे चमचे आणि येताजाता तोंडात टाकलेलं बहुतेक तिथेच सापडतं.

घरात धड चालणारा साधा डिजिटल काटा असेल तर हा घेऊ नका, मोबाईलमधल्या शीटमध्ये आकडे टाकून सरासरी फुकटात निघते. आणि सकाळचा आकडा बघून ज्यांना दिवसभर जेवावंसंच वाटत नाही त्यांनी तर रोज वजन करायच्या भानगडीतच पडू नये, डॉक्टरांशी बोलावं. काट्याला ५ पैकी ४, ॲपला दीड, तो अर्धा पण सरासरीसाठी.